अकोल्याच्या मांडवातलं बारसं

माझं पहिलं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचा अर्थ तेवढा सांगते: ‘आता पुरे.’ माझ्या आधी घरात चार मुली झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच म्हटल्यावर बारशाच्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून, कानात कुर्रर्र करून ते नाव ठेवलं. माझ्यानंतर, बऱ्याच वर्षांनी का होईना, भाऊ झाला. त्यामुळे माझं नाव साऱ्या वलगावात गुणाचं ठरलं. शेजारच्या बायका आपल्या मुलींना ते नाव ठेवायला निघाल्या होत्या, म्हणजे बघा.

नावं लिहिली की वाचणारे गोष्ट सोडून कुळं शोधत बसतात. म्हणून या आठवणींत माणसांपैकी कुणाचंच नाव घालायचं नाही असं मी ठरवलं आहे. नावं येतील ती आभाळातल्या ग्रहांची.

आम्ही माळी. वलगावाजवळ आमची बाग होती. वांगी, मिरच्या, मुळे, मेथी, आणि विहिरीच्या अंगाला फुलांचे वाफे. मी दहा-अकरा वर्षांची असताना अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. ज्यानं त्यानं दिसेल त्या जमिनीत कापूस पेरला. गव्हाची वावरं गेली, ज्वारीची गेली, कुणी कुणी तर घरामागचा भाजीचा वाफाही सोडला नाही. अमरावतीच्या परकोटाबाहेर गाड्यांची रांग लागायची ती संपतच नसे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. गल्ल्यांमधून कापसाचे पुंजके उडायचे, नाकातोंडात जायचे, बायकांच्या केसांत अडकायचे. मुंबईचे दलाल, कच्छी, मारवाडी, गोरे साहेब, सगळे त्या एका गावात मावत नव्हते.

माझ्या वडिलांनी मात्र बाग मोडली नाही. लोक हसायचे, तर ते म्हणायचे, “कापूस शिजवून खाता येते काय बाप्पा? एवढी मानसं आली, त्याईले भाजी कोन देईन?” आणि तसंच झालं. भाजीला मागणी आली, फुलांना आली. रोज पहाटे मी आणि आई टोपल्या भरून अमरावतीला जायचो. परतताना टोपल्या रिकाम्या असायच्या आणि आईच्या चालीत डौल असायचा.

त्या फेरीतच मला बाई भेटल्या. त्यांचे यजमान एका कापूस-व्यापाऱ्याच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार करायचे. दोघं पुण्याकडची. बाई नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या होत्या, आणि अमरावतीत आल्यावर त्यांनी एका सावकाराच्या ओसरीवर मुलींची शाळा काढली होती. शाळा म्हणजे सात-आठ मुली आणि एक फळा. मी त्यांच्याकडे पूजेची फुलं द्यायला जायची आणि फुलं दिल्यावर दाराशी रेंगाळायची. एक दिवस त्यांनी आईला विचारलं, “हिला दोन तास इथे बसू द्याल का? तुमचा बाजार होईपर्यंत?”

आई म्हणाली, “बसू द्या ना. उन्हात माह्यासंग उभी राह्यते, ते काय कामाचं?”

असं माझं शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं तशा मुली खुदकन हसल्या. बाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्यांदा विचारल्यावर मी खाली बघून सांगितलं, आणि त्यानंतर शाळेत कुणी नाव विचारलं की मी फुलांची टोपली आवरू लागे. गावात मला त्या नावाची कधी लाज वाटली नव्हती. गावात ते नुसतं हाक मारायचं नाव होतं. शाळेत शब्दांना अर्थ असतात हे कळलं, आणि माझ्या नावालाही एक आहे हे त्याच दिवशी कळलं.

बाईंच्या घरी मुंबईहून एक मासिक यायचं. त्यात त्यांना एकदा लघुग्रहांविषयी काही वाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मधोमध सूर्य काढला, भोवती वर्तुळं काढली, आणि मंगळ व गुरू यांच्या मधल्या जागेत खडूनं नुसते ठिपके ठिपके मारले.

“इथे छोटे छोटे ग्रह आहेत,” त्या म्हणाल्या. “नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. दुर्बिणीतून दिसतात. दर वर्षी नवे सापडतात.”

मी म्हटलं, “दिसत नाहीत, तर आहेत हे कसं समजावं?”

“तुझ्या बागेतला मुळा मातीत दिसतो का? उपटणारा उपटतो तेव्हाच दिसतो ना?”

हे मला पटलं. मग त्यांनी नावांचं सांगितलं, आणि त्या दिवशी मी बाजार, आई, टोपली सगळं विसरून गेले. नियम असा होता की नवा ग्रह जो पहिल्यांदा पाहील, त्याला नाव ठेवण्याचा मान त्याचा. आणि प्रघात असा की नाव ठेवायचं ते बाईचं. बहुतेक सगळी नावं जुन्या देवींची, नाहीतर पुराणातल्या स्त्रियांची.

सगळ्यांत पहिला सापडला तो सिसिली नावाच्या बेटावर, एका धर्मगुरूला. त्या बेटाची देवी धान्याची, पिकापाण्याची. तिचं नाव सेरेस. त्यानं ते ग्रहाला दिलं, आणि मागे आपल्या राजाचं नावही जोडलं. पण बाकीच्या देशांतल्या, दुर्बिणी लावून आभाळ पाहणाऱ्या ज्योतिषांनी राजाला मान द्यायचं नाकारलं. राजाचं नाव गळून पडलं, धान्यदेवीचं राहिलं. हे ऐकून आम्ही मुली इतक्या खूश झालो की बाईंना आम्हाला गप्प करावं लागलं.

एकाचं नाव होतं फ्लोरा. फ्लोरा म्हणजे फुलांची देवी. एकाचं पोमोना, म्हणजे फळबागांची देवी. हा पोमोना ग्रह पॅरिसमध्ये एका चित्रकाराला सापडला होता. तो काही मोठ्या वेधशाळेतला माणूस नव्हता. आपल्या राहत्या खोलीच्या खिडकीतून लहानशी दुर्बीण लावून बघायचा. एकीच्या नावाचा अर्थ शांती, एकीच्या आशा, एकीच्या आरोग्य. आणि एक तर आपल्याकडेच, मद्रासच्या वेधशाळेतून सापडला होता. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याला नाव दिलं ‘आशिया’.

“म्हणजे आपल्या नावाचा?” मी विचारलं.

“हो. तू, मी, वलगाव, अमरावती, सगळं आलं त्यात.”

घरी जाताना गाडीवाटेच्या कडेनं चालत मी आईला हे सगळं धाडधाड सांगितलं. फुलांची देवी, फळांची देवी, चित्रकाराची खिडकी, पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हक्क. आई रिकामी टोपली डोक्यावर उलटी घालून चालली होती.  वलगाव जवळ आल्यावर टोपलीच्या आतून तिचा आवाज आला.

“तुले पयले म्या पाह्यलं.”

“म्हणजे?”

“तू झाली तवा घरी कोनी नव्हतं. मी बागेतल्या झोपडीत होती, फुलं तोडाले गेल्ती. सुईन मांगून आली. तू माह्या हातातच आली. सकाय होती. म्या तुले पाह्यलं अन् मनात एक नाव ठेवलं. बारशाच्या रोजी मले कोनी इचारलंच नाई.”

तिनं ते नाव सांगितलं. आमच्या बागेतल्या एका फुलाचं नाव आहे ते. मी चालताना ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं, पण छान वाटलं.

हिवाळ्यात बातमी आली की अकोल्याला शाळांचा मोठा समारंभ आहे. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या शाळांतली मुलं तिथे जमणार, कविता म्हणणार, गणितं सोडवणार, साहेब बक्षिसं देणार. मुलींच्या शाळांनाही बोलावलं होतं. बाईंनी मला लघुग्रहांवर बोलायला निवडलं. भाषण त्यांनी लिहून दिलं आणि मी ते पाठ केलं. आणि मग एके संध्याकाळी बाई स्वतः आमच्या घरी आल्या.

“एक विनंती आहे,” त्या वडिलांना म्हणाल्या. “तिथे शेकडो लोकांसमोर हिचं नाव पुकारतील. ते नाव ऐकून लोक हसतील. आपण तेवढ्यापुरतं चांगलंसं नाव देऊ या. मी दोन-तीन काढून ठेवली आहेत.”

वडिलांनी आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा झालेली, तेव्हापासून आमच्याच घरी. घर चालायचं ते तिच्या शब्दावर. ती ओसरीवर भावाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “बाई, तुमी शिकवा. नाव आमी ठेवलं हाय.”

तेव्हा आई बोलली. आई आत्यासमोर कधी बोलत नसे. चुलीशी उभी राहून, पदर डोक्यावर ओढून ती म्हणाली, “बाईनंही ठेवाचं नाई अन् आत्यानंही नाई. आभायात जो पयले पाह्यते तो नाव ठेवते. ह्या पोट्टीले पयले म्या पाह्यलं.”

 आत्या सावकाश म्हणाली, “आभायातले कायदे वावरात चालत नाईत. नाव ठेवाचा हक्क आत्याचा. आजपासून नाई, जग झालं तवापासून.”

“मंग हक्क तुमचा, नाव माह्यं घ्या.”

“अन् ह्या पोट्ट्याले काई झालं तं?” आत्याचा आवाज एकदम चढला. तिनं भावाला छातीशी आवळून धरलं. “त्या नावानं हा आला घरात. ते नाव काढून टाकाचं, अन् उद्या ह्याले ताप आला तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? तू पाह्यशीन?”

  आत्याला तीन मुलगे झाले होते आणि तिन्ही लहानपणीच गेले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिची भीती खोटी नव्हती. मीच म्हटलं, “राहू द्या. हेच नाव पुकारू द्या. मी बोलीन.” मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. एवढ्याशा भावाच्या अंगाशी येणारं नाव मला नको होतं.

अकोल्याला आम्ही आमच्या गाडीनं निघालो. शेजारच्या काकांनी बैल हाकले. वडील मागे राहिले, कारण बागेला पाणी द्यायला कुणीतरी हवं होतं. आई माझ्यासाठी आली, भाऊ आईशिवाय राहीना म्हणून तो आला, आणि भावाशिवाय आत्या राहीना म्हणून ती आली. पुढच्या गाडीत बाई आणि शाळेतल्या दोन मुली. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायका ओट्या भरभरून चालल्या होत्या आणि आमच्या गाड्या पाहून ओरडून विचारायच्या, “कोनाचं लगन हाय?” रेल्वेचा भराव पडत होता. त्यावर माणसं मुंग्यांसारखी दिसायची. आत्या ते बघून म्हणाली, “एवढी माती इकडची तिकडे करून राहिले, काहून?” मी सांगितलं, इथून आगगाडी जाणार आहे, तर ती म्हणाली, “जाऊ दे बापा, आपल्याले काय.” पण मान वळवून बराच वेळ पाहत राहिली.

समारंभाचा मांडव मोर्णा नदीच्या काठी घातला होता. एका बाजूला खुर्च्यांवर बक्षिसं द्यायला आलेला गोरा साहेब, अधिकारी आणि शेठ. समोर सतरंज्यांवर मुलं. मागे शेतकरी, दलाल, बघे, आणि बाजूला कनातीआड बायका. आई आणि आत्या भावाला घेऊन त्या बायकांत बसल्या. गर्दी एवढी की कनात ढकलली जाऊन बायका जवळजवळ मांडवातच आल्या होत्या.

आधी मुलांच्या कविता झाल्या. मग एका अधिकाऱ्यानं हातातल्या कागदावरून माझं नाव पुकारलं. ते नाव त्या मोठ्या मांडवात गेलं आणि हशा होऊन परत आलं. मागून कुणी तरी ओरडलं, “पुरे तं पुरे, बसा मंग घरी!” पुन्हा हशा. मी उभी राहिले. पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडातून निघालं आणि पुढची त्याच्या मागोमाग आली.

मी सूर्य सांगितला, मंगळ आणि गुरू सांगितले, मधली जागा सांगितली. सेरेसचं सांगितलं, धान्यदेवी म्हटल्यावर मागचे शेतकरी हलले. पोमोना आणि चित्रकाराची खिडकी सांगितली. आशिया सांगितला, तेव्हा एका म्हाताऱ्या शेठनं मोठ्यानं “वा!” म्हटलं. मग राणीच्या नावाची हकीकत आली. बाईंनी ती लिहिताना दोनदा विचार केला होता. एका ज्योतिषानं नव्या ग्रहाला आपल्या राणीसाहेबांचं नाव दिलं, तेव्हा दुसऱ्या देशांतले ज्योतिषी म्हणाले, हयात माणसाचं नाव आभाळात चालणार नाही. भांडण लागलं. तेव्हा तो म्हणाला, मी राणीचं नाव दिलंच नाही, ते तर विजयाच्या जुन्या देवीचं नाव आहे! मी हे सांगून साहेबाकडे पाहिलं. दुभाष्यानं त्याच्या कानाशी सांगितलं, आणि साहेब डोकं मागे टाकून हसला. मग सगळा मांडव हसला. पण हे हसणं वेगळं होतं. हे माझ्याबरोबर होतं.

भाषण संपलं. टाळ्या पडल्या. मी बसणार तेवढ्यात साहेबानं हात वर केला. त्याला मोडकंतोडकं मराठी यायचं. तो म्हणाला, “किती सापडले आतापर्यंत?”

“ऐंशीच्या आसपास, साहेब.”

“सगळ्या बायका?”

“हो साहेब.”

“ऐंशी मुली!” तो हसत म्हणाला. “मग आता? पुरे?”

त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा त्याचं लक्षही नसावं. पण ‘पुरे’ म्हणताच मुलांमध्ये असा हशा पिकला की साहेब गोंधळून इकडे तिकडे पाहू लागला. बाईंचा चेहरा उतरलेला मला दिसला. पाठ केलेलं भाषण संपलं होतं. पुढे बोलायला बाईंची शुद्ध भाषा माझ्याजवळ नव्हती. मी घरच्या भाषेत बोलले.

“नाई साहेब. पाहनारे अजून पाहून राहिले. ऐंशी पोरी झाल्या, पन एकानंही पुरे म्हनलं नाई. एक सापडली का ते नाचतात, अन् दुसरी कुठी हाय म्हनून पुन्हा आभायाकडे पाह्यतात.”

हशा थांबला. दुभाष्या साहेबाला सांगत होता तेवढाच आवाज. आणि मग कनातीच्या बाजूनं गलबला झाला. आत्या उठली होती. भावाला आईच्या मांडीत टाकून, बायकांच्या अंगावरून पाय टाकत ती सरळ मांडवात आली. शिपाई आडवा आला, तर त्याला म्हणाली, “सरक. माही भाची हाय ते.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते. तिनं मला विचारलं, “खरं सांग. ऐंशी झाल्या, अन् कोनी नाई म्हनलं?”

“कोनी नाई, आत्या.”

“अन् सगळ्याईले चांगली नावं?”

“सगळ्याईले.”

ती साहेबाकडे वळली. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसला होता. आत्या म्हणाली, “साहेब, हे नाव म्या ठेवलं होतं. नाव ठेवाचा हक्क आत्याचा असते. चुकलं असन तं बदलाचा हक्कबी माहाच. आता इथंच बदलतो.”

मग तिनं कनातीकडे पाहून हाक मारली, “अवो, ये इकडे. एकटीनं बारसं होत नाई.”

आई भावाला कडेवर घेऊन आली. लाजेनं तिचा चेहरा पदरात होता. आत्यानं तिच्या कानाशी काही विचारलं आणि आईनं तिच्या कानात सांगितलं. मग आत्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, वाकली, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि त्या भर मांडवात, साहेबासमोर, शेठांसमोर, अकोल्याच्या साऱ्या गर्दीसमोर लांबलचक कुर्रर्रर्र केलं. आणि आईनं बागेतल्या झोपडीत ठेवलेलं नाव माझ्या कानात सांगितलं.

आपल्याकडे बारशाला कुर्रर्र झालं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. हा रिवाज आहे, त्याला कुणी राग मानत नाही. आईच्या ते लक्षात आलं. तिनं भावाला खाली उभं केलं, पदर खोचला आणि आत्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मग दुसरा. मग तिसरा. इतक्या वर्षांचे राहिलेले सगळे धपाटे तिनं त्या दिवशी घातले असावेत. आत्या वाकलेलीच राहिली आणि “बस वो, बस, मारून टाकतं काय!” म्हणत हसत होती, रडतही होती. कनातीआडच्या बायका उठल्या आणि त्याही धपाटे घालायला धावल्या. साहेबानं दुभाष्याला विचारलं, हे काय चाललं आहे? दुभाष्या सांगू लागला, पण त्यालाच हसू आवरेना.

शेवटी आत्या सरळ झाली आणि ज्या अधिकाऱ्यानं माझं नाव पुकारलं होतं त्याला नवं नाव ऐकवून म्हणाली, “आता पुकार. नवं.”

त्यानं पुकारलं. मोठ्यानं. आणि मागच्या त्या माणसानं, ज्यानं मघाशी ‘बसा मंग घरी’ म्हटलं होतं, त्यानं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. साहेबानं मला बक्षीस म्हणून पृथ्वीचा एक लहानसा गोल दिला. मी त्यावर आधी आशिया शोधला आणि भावाला दाखवला. त्यानं तो हातात घेऊन चाटून पाहिला.

परतीच्या वाटेवर आत्या गाडीच्या पुढच्या बाजूला बसली. जे गाव लागेल तिथे, पाणी प्यायला थांबलो तरी, “ही माही भाची. अकोल्याले साहेबासमोर हिचं बारसं केलं,” असं सांगायची. सांगताना दर गावात साहेब थोडा मोठा व्हायचा. मधूनच भावाच्या कपाळाला हात लावून पाहायची. तो ठणठणीत होता आणि गुळासाठी रडत होता.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. कापसाच्या गाड्या आमच्याहून भरभर जायच्या आणि गाडीवानांना बोलायला काही तरी हवंच असायचं. वलगावच्या शिवेत शिरलो तर वडील मोट सोडून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दोन वावरं ओलांडून माझं नवं नाव घेऊन हाक मारली. शांत माणूस. असा ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या वावरांतली माणसं कामं टाकून बघू लागली. मी गाडीतून उडी मारली आणि पळत सुटले. चिखल, वाफे, मिरच्यांची रोपं, काही पाहिलं नाही. त्या दिवशी मी वाफे तुडवले त्याबद्दल वडील एक शब्द बोलले नाहीत.

पण आत्याचं समाधान झालं नव्हतं. म्हणाली, मांडवात पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, हे अर्धंच बारसं झालं. चार दिवसांनी तिनं सगळं गाव बोलावलं. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. आंब्याच्या झाडाला दोर बांधून झोपाळा केला, त्याला आमच्याच बागेतल्या माळा गुंडाळल्या आणि मला, एवढ्या घोडीला, त्यात मांडी घालून बसवलं. अमरावतीहून बाई आल्या. माझ्या चारही बहिणी सासरहून आल्या. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि दोन कडव्यांनंतर एक म्हातारी म्हणाली, “त्या आभायातल्या बायाईची नावं सांग ना. त्याईलेबी पाळन्यात घालू.”

मी सांगत गेले. फ्लोरा त्यांच्या जिभेवर चढेना, तर त्यांनी तिला फुलाई केलं. पोमोनाची फळाई झाली. सेरेसची धान्याई. आशियाला मात्र कुणी हात लावला नाही, ते त्यांना आपलंच वाटलं. बाई हातावर हात मारून ताल धरत होत्या, आणि मध्येच मला म्हणाल्या, “हे मासिकात कुणी छापायला हवं.” कुणी छापलं नाही. पण पुढे कित्येक वर्षं वलगावात कुठल्याही मुलीच्या बारशाला, पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात फुलाई, फळाई आणि आशिया येत राहिल्या.

भाऊ धट्टाकट्टा वाढला. पहिलं वर्षभर त्याला नुसती शिंक आली तरी आत्या माझ्याकडे पाहायची. मग तेही सुटलं. लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, चांदीच्या शेंब्या एकेक करून नाहीशा झाल्या. आमची बाग होती तशीच राहिली. मी शिकत राहिले आणि पुढे अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. नेमणुकीचा कागद घेऊन घरी आले त्या दिवशी आत्यानं तो उलटा धरून निरखून पाहिला, माझं नाव कुठे आहे ते विचारलं, आणि मी बोट ठेवलं तिथे आपलं बोट ठेवून म्हणाली, “किती लांब लिवलं हाय बाप्पा. कानात सांगाले तं काईच येळ लागला नोता.”